अकरा विरुद्ध सात, आणि आमची जेट्टी

(विधानमंडळात प्रतिवेदक म्हणून, म्हणजे सभागृहातलं बोलणं शब्दशः टिपून घ्यायची, नोकरी करून निवृत्त झालेल्या आणि आता वेंगुर्ल्यात राहणाऱ्या ताईंना वाचकांनी पाठवलेले प्रश्न. पत्रं लांब होती, जागेपुरती कापली आहेत.)

ताई, माझी मुलगी कॅनडात यलोनाइफ नावाच्या गावी नर्स आहे. तिथल्या विधानसभेचं कामकाज तिने एकदा व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मला इंग्रजी जेमतेम कळतं, पण एक आमदार सरकारी खर्चाबद्दल विचारत होता आणि मंत्री बसल्या जागेवरून शांतपणे उत्तर देत होत्या. ना आरडाओरडा, ना बाक वाजवणं. आमचे हे शेजारी बसून म्हणाले, "आमच्याकडे कोण इचारता, पैसो गेलो खंय म्हणून?" मुलगी म्हणते तिथे पक्षच नाहीत. हे खरं का? आणि एवढं साधं आपल्याकडे का जमत नाही?
— एक वाचक, देवगड

मुलगी बरोबर सांगते. ती राहते त्या मुलखाचं नाव नॉर्थवेस्ट टेरिटरीज. कॅनडाच्या पार उत्तरेला, महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा प्रदेश, आणि २०२१ च्या जनगणनेत माणसं मोजली तर ४१ हजार. एकट्या देवगड तालुक्यात त्याच्या दुपटीहून जास्त माणसं राहतात. त्यांच्या विधानसभेत १९ आमदार आहेत आणि प्रत्येक जण स्वतःच्या नावावर निवडून येतो. पक्षाचं चिन्ह नाही, की झेंडा नाही. निकाल लागल्यावर हे १९ जण एकत्र बसतात आणि आपल्यातूनच सभापती, प्रीमियर म्हणजे मुख्यमंत्री, आणि सहा मंत्री निवडतात. मतदान गुप्त. मागची निवडणूक २०२३ च्या ऑक्टोबरात व्हायची होती, ती वणव्यांमुळे १४ नोव्हेंबरला झाली. त्या ऑगस्टमध्ये यलोनाइफ अख्खं रिकामं करावं लागलं होतं. मुलगी तेव्हा तिथे असेल तर हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल.

आता बेरीज करा. मुख्यमंत्री धरून मंत्री सात. सभापती एक. उरले अकरा. हे अकरा जण त्यांच्याकडे 'रेग्युलर मेंबर' म्हणवतात. त्यांना आपल्याकडच्या अर्थाने विरोधी पक्ष म्हणता येणार नाही, पण संख्येने ते सरकारपेक्षा जास्त आहेत. मंत्र्यांना बजेट मंजूर करून घ्यायचं तर या अकरांमधले निदान दोघं-तिघं पटवावेच लागतात. मंत्री नीट वागला नाही तर ठराव करून त्याला काढताही येतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी एका मंत्र्याला तसं काढलंही. त्यामुळे मंत्रीणबाई शांतपणे उत्तर देत होत्या याचं श्रेय मी त्यांच्या सुस्वभावाला नंतर देईन, आधी या बेरजेला देईन. समोर अकरा जण बसलेत आणि उद्या त्यांच्यातल्या तिघांची मतं हवीत, म्हटल्यावर कोणाचाही आवाज खाली येतो.

सभागृहही गोल आहे. १९९३ साली ही इमारत झाली, त्याआधी हॉटेलांत वगैरे बसून कामकाज चालायचं. समोरासमोर बाकांच्या रांगा नसल्या की 'ते' आणि 'आम्ही' असं बसायलाच जागा राहत नाही. आमच्या मुंबईच्या सभागृहात मी जिथे खाली बसून लिहायची तिथून दोन्ही बाजूंचा आवाज सारखाच कानावर आदळायचा. वाक्य कोणाचं हे ओळखण्यात निम्मी शक्ती जायची. एकाच वेळी पाच जण बोलले की आम्ही कागदावर 'गडबड' एवढंच लिहायचो. पाच जणांपैकी एखादा खर्चाबद्दल खरंच काही विचारत असला तर तोही त्या 'गडबडी'त जायचा.

पण तुमच्या घरच्यांनी विचारलेला प्रश्न महत्त्वाचा. पैसो गेलो खंय. तिथल्या सरकारकडे येणाऱ्या दर १०० डॉलरमधले ६० हून जास्त ओटावाहून, म्हणजे केंद्र सरकारकडून येतात. बाकी कर आणि खाणी. हिऱ्यांच्या खाणी आहेत तिथे, त्यातली दियाविक ही मोठी खाण २०२६ मध्ये उत्पादन थांबवणार असं कंपनीने आधीच जाहीर केलेलं. म्हणजे पैसा दुसऱ्याचा, मुलूख अफाट, माणसं थोडी आणि पुढची कमाई आटत चाललेली. अशा ठिकाणी आमदाराने खर्चावर बोट ठेवणं हे त्याचं मुख्य काम होऊन बसतं.

म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. एक गोष्ट सांगते. यलोनाइफला दक्षिणेकडून जाणाऱ्या रस्त्याला मॅकेंझी नदी आडवी येते. पूर्वी उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या. पण नदी गोठायला लागली की आणि वितळायला लागली की मधले काही आठवडे ना बोट, ना बर्फ. दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट उधाणात बंद पडली की माणूस कसा तासन् तास खाडीकडे बघत बसतो ते ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. तर तिथे पूल बांधायचं ठरलं. डेह चो पूल. करारावर सही झाली २००७ मध्ये, निवडणुकीच्या अगदी तोंडावर. (भूमिपूजनाचे नारळ फक्त आपल्याकडेच घाईने फुटतात असं नाही.) स्थानिक लोकांच्या कंपनीने बांधायचं, सरकारने पाठीशी उभं राहायचं, असा बेत. काम रखडलं, २०१० मध्ये सरकारने सगळं आपल्या अंगावर घेतलं. २०११ मध्ये कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी त्यावर अहवाल दिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पूल सुरू झाला तेव्हा खर्च २० कोटी डॉलरच्या घरात गेला होता, सुरुवातीच्या अंदाजाच्या तिपटीहून जास्त.

आता अकरा विरुद्ध सातचं गणित तेव्हाही तेच होतं. सभागृहात प्रश्न येत होते. मंत्री उत्तरंही देत होते, शांतपणेच. पण सही आधीच झालेली होती! सहीनंतर विचारलेला प्रश्न हा पंचनामा असतो. माणूस गेला का, कसा गेला, एवढंच त्यातून कळतं. सहीआधी विचारलेल्या प्रश्नाने मात्र पैसा थांबतो. माझ्या नोकरीत मी मंत्री बदलताना पाहिले, पक्ष बदलताना पाहिले, पण ही एक गोष्ट बदललेली पाहिली नाही.

पुलापेक्षा चांगला धडा त्याच मुलखातल्या एका रस्त्यात आहे. इनुविकपासून टुकटोयाकटुकपर्यंत, थेट उत्तर ध्रुवसागराच्या काठापर्यंत, जवळजवळ १४० किलोमीटर. १५ नोव्हेंबर २०१७ ला खुला झाला. खर्च ३० कोटी डॉलरच्या आसपास, त्यातले २० कोटी ओटावाचे. तिथली जमीन वर्षभर आतून गोठलेली असते. वरून उकरली की आतला बर्फ वितळतो आणि रस्ता खचतो. म्हणून तिथे जमीन उकरायचीच नाही, वर जाड कापडासारखा थर अंथरून त्यावर खडी टाकत जायची, आणि हे काम करायचं ते हिवाळ्यातच. टुकटोयाकटुकची वस्ती हजाराच्या आत. अशा रस्त्याबद्दल आमदाराने विचारायचा खरा प्रश्न 'बांधायला किती लागले' हा नव्हेच. बांधायचा पैसा बराचसा ओटावाने दिला. दरवर्षी उन्हाळ्यात खचलेलं भरायचं कोणी, कुठल्या खात्यातून, किती वर्षं? तो खर्च प्रदेशाच्या माथ्यावर. बांधकामाच्या आकड्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. दुरुस्तीचा आकडा बजेटच्या पुस्तकात मागच्या पानांत असतो आणि तो कोणी उघडत नाही. कोकणात चार महिने पाऊस कोसळतो तिथे तर हे पान आधी उघडायला हवं.

राहिलं आपल्याकडे का जमत नाही. विधानसभेत २८८ आमदार, २०११ च्या जनगणनेत राज्यात ११ कोटी २४ लाख माणसं. म्हणजे एका आमदारामागे जवळजवळ ३ लाख ९० हजार. तिथे एका आमदारामागे दोन हजारांच्या थोडं वर. तिथला आमदार दुकानात भेटतो. शिवाय आपल्याकडे १९८५ सालापासून पक्षांतरबंदी आहे. पैशाच्या मागणीवर पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकी जाते. म्हणजे मताने सरकार अडवायची सोय सत्ताधारी आमदाराला राहिलेलीच नाही.

पण प्रश्नाला व्हिप नसतो. प्रश्न विचारला म्हणून कोणाची आमदारकी गेलेली नाही. सत्ताधारी आमदारही विचारू शकतो आणि शहाणे सत्ताधारी आमदार विचारतातही, कारण आपल्याच मंत्र्याकडून मतदारसंघासाठी काम काढून घ्यायचा तो सभ्य मार्ग असतो.

आणि तुम्ही देवगडच्या, म्हणून सांगते. तुमचा जुना राजापूर लोकसभा मतदारसंघ बॅरिस्टर नाथ पै आणि नंतर मधु दंडवते यांचा. दोघंही बहुतेक काळ विरोधी बाकावर. दंडवत्यांची भाषणं छापील कार्यवाहीत वाचून बघा. आकडा आणि तारीख आधी, चिमटा नंतर. १९९० मध्ये कोकण रेल्वेचं महामंडळ स्थापन झालं त्या वर्षी अर्थमंत्री तेच होते. वर्षानुवर्षं रेल्वे मागणाऱ्याच्याच हातात एका वर्षापुरती तिजोरी आली, असं फार थोड्यांच्या नशिबी येतं.

ताई, आमच्या खाडीत मच्छीमारांसाठी जेट्टी बांधली. भरतीला होड्या लागतात, ओहोटीला जेट्टीच्या पायरीखाली नुसता चिखल. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन गुडघाभर गाळातून येतात. आमदारांनी तारांकित प्रश्न विचारला. छापील उत्तर आलं: "(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही." सभागृहात असं धडधडीत खोटं चालतं का?
— एक वाचक, गुहागर तालुका

तुम्ही प्रश्नाचा कागदही पाठवलात, हे फार बरं केलंत. तो वाचला. रागावू नका, पण उत्तर खोटं नाही. प्रश्न असा आहे: "जेट्टीचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याने मच्छीमारांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय, असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीच्या अनुषंगाने कोणती कार्यवाही केली?" काम निकृष्ट नाही. काँक्रीटचे ठोकळे तपासले असणार, पास झाले असणार, दाखला फायलीत असणार. मग पहिल्याला 'नाही' म्हटलं की दुसरा आणि तिसरा आपोआप गळतो. तीन खणांचा प्रश्न पहिल्याच खणात संपला.

तुमची तक्रार काँक्रीटची नाहीच. जेट्टी मजबूत आहे, पण चुकीच्या जागी आहे किंवा आखूड आहे. म्हणजे चूक बांधताना झाली नाही, आखताना झाली. मग विचारायचं ते असं: पाण्याच्या खोलीची पाहणी कोणत्या महिन्यात केली? भरतीच्या वेळी की ओहोटीच्या? सर्वांत खालच्या ओहोटीला जेट्टीच्या टोकाशी किती पाणी राहील असं अंदाजपत्रकात धरलं होतं? प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेला, किती रकमेची, कोणत्या लेखाशीर्षाखाली? काम पूर्ण झाल्याचा दाखला कधी दिला? गाळ काढायची तरतूद आहे का, असल्यास कोणत्या वर्षी किती खर्च पडला? यातल्या एकाही प्रश्नाला 'हे खरे नाही' असं उत्तर देता येत नाही. तारीख विचारली की तारीखच द्यावी लागते.

उत्तर कसं शिजतं ते एकदा जवळून सांगते, म्हणजे हे का म्हणते ते कळेल. प्रश्न स्वीकारला गेला की तो मंत्रालयातल्या संबंधित खात्याच्या कार्यासनात जातो. तिथून जिल्ह्यात. तुमच्या जेट्टीची माहिती शेवटी एका उपअभियंत्याच्या टेबलावर लिहिली जाते, आणि तोही माणूस आहे, तो स्वतःला आणि साहेबाला सांभाळूनच लिहिणार. ती वर जाता जाता प्रत्येक टप्प्यावर एकेक शब्द कमी होतो. मंत्र्यांच्या हातात पडते ती दोन-तीन ओळींची छापील पट्टी आणि तिच्यामागे जाडजूड फाईल. तिला पूरक टिपणी म्हणतात. संभाव्य उपप्रश्न आणि त्यांची उत्तरं त्यात असतात, रंगीत चिठ्ठ्या लावून. समोरच्या आमदाराने अपेक्षित उपप्रश्न विचारला की मंत्री चिठ्ठी धरून पान उघडतात आणि वाचतात. फायलीबाहेरचा विचारला की खरी मजा. मंत्री अधिकाऱ्यांच्या दीर्घेकडे, म्हणजे गॅलरीकडे, बघतात. तिथे दोन डोकी एकमेकांना लागतात, एक कपटा निघतो, शिपाई तो घेऊन बाकांमधून वाकत वाकत येतो. तो पोचेपर्यंत मंत्री प्रास्ताविक लांबवतात: "सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा मुद्दा उपस्थित केलेला आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा लघुलिपीत लिहिलंय की माझी पेन्सिल ते हात न लावता लिहील.

आणि कपटा वेळेत आला नाही, तर मंत्री म्हणतात, "माहिती घेऊन पटलावर ठेवतो" किंवा "चौकशी करून कार्यवाही करतो." वाचणाऱ्याला वाटतं, टाळलं. पण सभागृहात दिलेला असा शब्द हे आश्वासन असतं. आश्वासनांची वेगळी समिती आहे, ती यादी ठेवते आणि खात्याला विचारत राहते. म्हणून तुमच्या आमदारांना सांगा, पुढच्या वेळी एक तरी उपप्रश्न फायलीबाहेरचा विचारा, आणि मंत्री काय म्हणाले ते वाक्य तारखेसह टिपून ठेवा. छापील उत्तरापेक्षा ते वाक्य कामाचं.

दोषदायित्व कालावधी नावाची एक गोष्ट असते. काम संपल्यावर ठरावीक मुदतीत काही बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. तुमच्या जेट्टीची मुदत संपली की नाही ते आधी विचारा. पायऱ्यांना तडे वगैरे असतील तर ते याच मुदतीत बसवा. गाळाला मात्र ठेकेदार जबाबदार नाही, ते आखणीचं पाप आहे आणि त्याला वेगळा पैसा लागेल. म्हणजे पुढच्या जिल्हा वार्षिक योजनेत किंवा बजेटमध्ये गाळ काढण्याची तरतूद व्हायच्या आधी विचारायला हवं. वर पुलाबद्दल जे लिहिलं तेच इथे. आता जेट्टीबद्दल विचारलंत तर पंचनामा. गाळाबद्दल विचारलंत तर अजून वेळ आहे.

मॅडम, मी अलिबागला राज्यशास्त्र शिकतो. बजेटात खात्याच्या खर्चाची कोट्यवधींची मागणी येते, तिच्यावर आमदार १०० रुपयांची कपात सूचना देतात. ही थट्टा आहे का?
— एक विद्यार्थी, अलिबाग

थट्टा नाही. तुझ्या पुस्तकात तीन प्रकार दिलेले असतील. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं. उधळपट्टी वाटत असेल तर ठरावीक रक्कम कमी करा म्हणायचं. आणि एखादं विशिष्ट गाऱ्हाणं मांडायचं असेल तर १०० रुपये कमी करा म्हणायचं. १०० रुपये हे गाऱ्हाण्याला सभागृहात शिरायचं तिकीट आहे.

पुस्तकात नसेल ते सांगते. संविधानाच्या अनुच्छेद २०३ नुसार विधानसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. वाढवू शकत नाही. आणि कपात सूचना मंजूर झाली तर सरकारवर विश्वास उरला नाही असा अर्थ होतो, म्हणून बहुमतातलं सरकार ती मंजूर होऊ देत नाही. सगळ्या सूचना शेवटी फेटाळल्या जातात किंवा मागे घेतल्या जातात. त्यातून शेवटच्या दिवशी गिलोटिन लागतं. ज्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा झाली नाही त्या एकापाठोपाठ मताला टाकून मंजूर होतात. त्या दिवशी आम्हा प्रतिवेदकांना काम कमी असायचं, कारण 'होय'च्या बाजूने बहुमत, एवढंच पुन्हा पुन्हा लिहायचं. राज्याचा बहुतेक खर्च मात्र त्याच दिवशी मंजूर झालेला असायचा.

वर ज्या उत्तरेकडच्या मुलखाबद्दल लिहिलंय तिथेही आमदाराला खर्च वाढवता येत नाही, कमी करायचाच ठराव मांडता येतो. फरक इतकाच की तिथे अकरांचं बळ असल्यामुळे तो मंजूर होऊ शकतो. म्हणून मंत्री ठराव मतदानाला येण्याआधीच बोलणी करतात. कपात सूचनेची खरी ताकद ती मंजूर होण्यात नाही, ती मंजूर होईल या भीतीत आहे. हे परीक्षेत लिहू नकोस, मार्क कापतील.

दर अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. मार्चमध्ये बजेट केलं तर जुलैत पुन्हा पैसे कशाला?
— एक वाचक, चिपळूण

तुम्ही चिपळूणचे, म्हणजे एक उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ चा पूर मार्चच्या बजेटात कोण लिहिणार? त्याआधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं, तेव्हाही तेच. अशा वेळी आकस्मिकता निधीतून लगेच पैसे काढता येतात आणि नंतर अनुच्छेद २०५ खाली विधानमंडळाची मंजुरी घेता येते. ही सोय हवीच.

पण पुरवणीच्या जाड पुस्तकात पूर थोडा आणि इतर फार असतं. मार्चमध्ये माहीत असलेली कामं, मार्चमध्ये माहीत असलेले पगार, आणि मधल्या काळात जाहीर झालेल्या योजना. त्यावर चर्चेला वेळ थोडा मिळतो. म्हणून आमदाराने पुरवणी मागणीवर एकच प्रश्न विचारावा: ही गरज ३१ मार्चला ठाऊक होती का? होती तर बजेटात का नव्हती? हा प्रश्न मी फार थोड्या तोंडांतून ऐकला.

आमदार फोन उचलत नाहीत. साध्या माणसाने करायचं काय?
— एक वाचक, दापोली

फोन करूच नका. एक पानी पत्र द्या. कोणत्या तारखेला काय मंजूर झालं, किती रक्कम, आता स्थिती काय, आणि तुम्हाला हवं असलेलं एकच वाक्य प्रश्नाच्या रूपात. आमदाराच्या स्वीय सहायकाला तयार प्रश्न मिळाला की त्याचं काम वाचतं, आणि तो तो वापरतो. तुमच्या मतदारसंघाच्याच आमदाराला द्यायला हवं असं नाही. विधान परिषदेचे सदस्य आहेत, कोकण विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे सदस्य आहेत, त्यांनाही द्या. विनंती अर्ज समिती म्हणूनही एक समिती आहे, तिचा वापर लोक फार कमी करतात.

पत्रात घालायचे आकडे माहिती अधिकारातून मिळतील. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, शब्द १५० च्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. 'काम का झालं नाही' असं विचारू नका. 'का'ला कागद नसतो, त्यामुळे उत्तर टाळता येतं. 'प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रत द्या, कार्यादेशाची प्रत द्या, आजवर दिलेल्या देयकांची यादी द्या' असं लिहा. मोजमाप पुस्तिकेची पाहणी करायची आहे असंही लिहा. कार्यालयात बसून ती पुस्तिका उघडली की खडी किती ब्रास, सिमेंट किती गोणी, कोणत्या तारखेला मोजली, खाली कोणाची सही, सगळं एका ओळीत दिसतं. जून-जुलैतल्या तारखेला माती-खडीची मोजणी दाखवली असेल तर तिथेच थांबा आणि त्या पानाची प्रत मागा.

कॅगचे, म्हणजे महालेखापरीक्षकांचे, महाराष्ट्रावरचे अहवाल संकेतस्थळावर मराठीतही मिळतात. पूर्ण वाचायची गरज नाही. तुमच्या खात्याचं प्रकरण काढा, जिल्ह्याचं नाव शोधा. अहवाल विधानमंडळात मांडला गेला की तो लोकलेखा समितीकडे जातो. तिचा अध्यक्ष विरोधी पक्षातला असतो, असा संकेत आहे. तुमच्या कामाचा उल्लेख अहवालात सापडला, तर परिच्छेद क्रमांकासह पत्र थेट समितीच्या अध्यक्षांच्या नावे विधान भवनाच्या पत्त्यावर पाठवा.

आणि जे काही द्याल त्याची पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा.